जुन्या बाजारातली मोरोक्कोची कट्यार आणि आजोबांची तलवार, खरी कुठली?

कोथरूडचा_चिन्या
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सॉरी. हत्यारांतलं मला ओ की ठो कळत नाही हेही आधीच सांगतो.

गेल्या महिन्यात रविवारी जुन्या बाजारात गेलो होतो, खरं तर मिक्सरचं जुनं भांडं शोधायला, आणि एका ताडपत्रीवर कुलपं, दुर्बिणी, ग्रामोफोनचे कर्णे वगैरे पसाऱ्यात एक वाकडी कट्यार दिसली. म्यान पितळेचं आणि पांढऱ्या धातूचं, मधे हाडाच्या चकत्या बसवलेल्या, मुठीचं टोक मोराच्या पिसाऱ्यासारखं पसरट. विकणारे काका म्हणाले मोरोक्कोची आहे, कॅम्पातल्या कुठल्यातरी जुन्या बंगल्यातून आलीय, पात्यावर सन कोरलाय ११२०, म्हणजे नऊशे वर्षं जुनी, घ्या डोळे झाकून. पंचवीस हजारापासून सुरू झाले आणि मी चौदाला आणली. बायको अजून नीट बोलत नाहीये.

दुसरी गोष्ट अशी की हे सगळं घरी सांगितल्यावर वडील म्हणाले अरे तलवारच पाहिजे होती तर माळ्यावर आजोबांची आहे की. ती काढली. जुन्या धोतरात गुंडाळलेली, सरळ, दुधारी, मूठ अगदी साधी क्रॉससारखी, चामड्याचं म्यान टोकाशी पानासारखं रुंद झालेलं. आजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत गेले होते. घरातली गोष्ट अशी की सुदानच्या लढाईत त्यांनी महदीच्या (सुदानमधला बंडखोर धर्मनेता) एका सरदाराला आडवं केलं आणि त्याची तलवार आणली. लहानपणापासून हेच ऐकतोय.

तर दोन्ही खऱ्या आहेत का, आणि घरबसल्या कसं ओळखायचं?

खडूस_सदाशिव
सन ११२० ची कट्यार चौदा हजारात? अहो फुकटच मिळाली की. माझ्याकडे अफझलखानाचा पंख्याचा रेग्युलेटर आहे, वहिनींना विचारून कळवा.

जुनंपुराणं
खडूसराव, जरा दम धरा, माणूस प्रामाणिकपणे विचारतोय.

चिन्याराव, तुमच्या वर्णनावरून कट्यार कुमिया जातीची दिसते, मोरोक्कोचा वाकडा खंजीर, आणि तलवार बहुतेक सुदानची कास्कारा. फोटो टाका, मग बोलू. पण त्याआधी एक सांगतो कारण इथे दर महिन्याला कुणीतरी "खरी का खोटी" एवढंच विचारतं आणि मग दोनशे प्रतिसाद भांडणात जातात. एका प्रश्नात तीन प्रश्न लपलेत. वस्तू जुनी आहे का, ज्या गावची म्हणून सांगतात तिथली आहे का, आणि ती कंबरेला लावायला केली होती का गिऱ्हाइकाला विकायला. ह्या तिघांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. मोरोक्कोत कुमिया आजही लग्नात, सणासमारंभात लावतात, म्हणजे १९६० साली एखाद्या नवरदेवासाठी चांगल्या कारागिराने केलेली कुमिया शंभर टक्के खरी आहे पण अँटिक नाही. उलट १९१२ नंतर फ्रेंचांचं राज्य आलं, प्रवासी वाढले, त्यांच्यासाठी केलेली एखादी १९३० ची कुमिया आता नव्वदीच्या पुढे गेली, पण ती जन्मापासून भिंतीवर लटकायलाच केलेली. तिला काय म्हणाल? मी तिला खोटी म्हणत नाही, पण हत्यारही म्हणत नाही.

आता काय बघायचं ते. पातं म्यानातून काढा आणि नक्षीकडे अजिबात बघू नका, नक्षीत सगळे फसतात. पात्याची पाठ बघा, म्हणजे बोथट कडेची जाडी. मुठीजवळ जाड आणि टोकाकडे हळूहळू पातळ होत गेलेली असेल तर लोहाराने ठोकून केलंय. सगळीकडे सारखीच जाडी, एखाद्या पत्र्याच्या पट्टीसारखी, तर कापून काढलंय. चांगल्या कुमियाचं पातं मुठीकडून अर्ध्यापर्यंत जवळजवळ सरळ आणि एकाच बाजूने धारेचं असतं, वळण सुरू झालं की पुढे दोन्ही बाजूंना धार. प्रवाशांसाठी केलेल्या मालात धार लावायचे कष्ट कुणी घेत नाही कारण बॅगेत टाकून नेणाऱ्याला ती नकोच असते.

मग म्यानाच्या दोन कड्या. कुमिया डाव्या बाजूला लटकते, दोरी उजव्या खांद्यावरून येते आणि म्यानाच्या दोन कानांतल्या कड्यांत अडकते. वीसपंचवीस वर्षं कुणी लावली असेल तर कडी जिथे कानात घासते तिथे धातू झिजून खोबण पडते, आणि ती एकाच बाजूला पडते, कारण वजन एकाच बाजूला ओढतं. आपल्या विहिरीच्या रहाटाला दोर घासून कशी खाच पडते तसं. म्यानाची अंगाकडची बाजूही कपड्याला घासून गुळगुळीत होते. ही झीज खोटी करता येते, पण करणारा सहसा सगळीकडे सारखी करतो, आणि माणूस वस्तू सगळीकडे सारखी वापरत नाही.

आणि कृपा करून काहीही घासू पुसू नका. फोटोआधी तर नाहीच.

तांबट_आळीवाला
आमचं घर पिढ्यान्पिढ्या तांब्यापितळेचं, हत्यारांचं मला माहीत नाही पण पत्रा मला खोटं सांगू शकत नाही. भाऊ म्यानाचा पत्रा उजेडात आडवा धरून बघ. हाताने ठोकलेल्या पत्र्याला कितीही घासला तरी हातोडीचा लाटालाटांचा भास राहतो, आमच्या मठारकामाएवढा ठसठशीत नाही पण राहतो. मशीनच्या रोलमधून आलेला पत्रा आरशासारखा सपाट. दुसरं डाख (सोल्डर) बघ. जोडावर जो पांढुरका चकचकीत ओघळ असतो तो कथील शिश्याचा मऊ डाख, सुईने दाबला तरी ओरखडा येतो. जुना माणूस पितळेचा कडक डाख द्यायचा, तो पिवळा आणि जोडात मुरलेला असतो, शोधावा लागतो. मऊ डाख असला म्हणजे नवीच असं नाही, नंतर कुणी दुरुस्ती केली असेल, पण सगळेच जोड मऊ डाखाचे असतील तर मग वस्तूच तशी केलीय.

आणि नक्षी कोरलीय का ठशाने दाबलीय तेही बघ. छिन्नीने कोरलेल्या रेघेची सुरुवात आणि शेवट वेगळा दिसतो, कारागिराचा हात उचलला जातो तिथे शेपटी येते. ठशाने दाबलेलं फूल दहा वेळा आलं तर दहाही वेळा एकाच पाकळीला एकच खोट. ओतीव असेल तर कोपऱ्यात बारीक बारीक भोकं सापडतील, पुरळ आल्यासारखी. पांढरा धातू चांदी म्हणून सांगितला असेल तर लोहचुंबक लावून खूश होऊ नको, जर्मन सिल्व्हरलाही लोहचुंबक चिकटत नाही.

नाणेघाट_७७
मी नाणीवाला, पण त्या ११२० बद्दल राहवलं नाही. पहिली गोष्ट, तो सन असलाच तर हिजरी असणार, इसवी नव्हे. हिजरी वर्ष चांद्र, आपल्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, म्हणून ढोबळ हिशेब असा की हिजरी सनाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. ११२० चे येतात १७०८. म्हणजे त्या काकांची सहाशे वर्षं तर इथेच गेली.

पण खरी गंमत पुढे आहे. चिन्या, ते आकडे कसे लिहिलेत नीट बघून सांगा. शेवटचं शून्य गोल आहे का नुसता टिंब आहे? आणि २ आपल्या इंग्रजी दोनसारखा आहे का उलट्या हुकासारखा?

कोथरूडचा_चिन्या
फोटो टाकलेत. शून्य म्हणजे टिंबच आहे, मी आधी तो गंजाचा डाग समजलो होतो. दोन म्हणजे वर हूक असलेली काठी.

पाठीची जाडी व्हर्निअरने मोजली (शेजारी इंजिनियरिंगचा पोरगा आहे), मुठीजवळ २ मिलिमीटर आणि टोकाच्या जरा अलीकडे १.९. धार नाही, लोणीसुद्धा कापणार नाही. कड्या गोल गरगरीत, खोबण वगैरे काही नाही. तांबटदादा, तुमचं फुलाचं ऐकून भिंगाने बघितलं, सगळ्या फुलांची खालची डावी पाकळी तुटकी आहे. सगळ्या. मी हसावं का रडावं.

आणि जुनंपुराणं, तुमची पोस्ट वाचायच्या आत आईने तलवारीची मूठ आणि आडवी पट्टी चिंच आणि मीठ लावून लख्ख केली. म्हणाली एवढी कळकट वस्तू घरात कशी ठेवायची.

जुनंपुराणं
अरे देवा.

नाणेघाट_७७
आता बघा. अरबी लिपीत आकडे लिहायच्या दोन तऱ्हा. इजिप्त, तुर्कस्तान, इराण आणि आपल्या मुघलांकडे ज्या आकड्यांत शून्य म्हणजे टिंब, ती पूर्वेची तऱ्हा. मोरोक्कोत मात्र पश्चिमेची चाल, म्हणजे ज्यातून युरोपचे आकडे आले ती. मोरोक्कोच्या सुलतानांची एकोणिसाव्या शतकातली तांब्याची नाणी बघा, हिजरी सन सरळ आपण इंग्रजीत लिहितो तशा आकड्यांत, १२८८ वगैरे, कुणालाही वाचता येईल. अल्जियर्स आणि ट्युनिस ऑटोमन तुर्कांच्या छत्राखाली होते म्हणून तिथल्या नाण्यांवर पूर्वेचे आकडे येतात, पण मोरोक्को ऑटोमनांच्या राज्यात कधी सामील झाला नाही. त्यामुळे मोरोक्कोच्या कट्यारीवर टिंबाचं शून्य म्हणजे कोरणाऱ्याने नमुना बघितला तो मोरोक्कोचा नव्हता. कदाचित आपल्याकडच्याच एखाद्या मुघली नाण्यावरून उचललाय.

खडूस_सदाशिव
म्हणजे पाकळी तुटली, आकडा फुटला, राहिलं काय? मिक्सरचं भांडं मिळालं का शेवटी?

जुनंपुराणं
फोटो बघितले. स्पष्टच सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. पातं कापलेल्या पट्टीचं, ग्राइंडरच्या रेषा पात्याला आडव्या, एकसारख्या, समांतर. हाताच्या कानशीच्या असत्या तर त्या थोड्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या दिसल्या असत्या. गंज नारिंगी आणि बोटाला लागणारा. जुना गंज काळपट तपकिरी असतो, कातड्यासारखा घट्ट बसतो, आणि खड्ड्यांत जास्त, उंचवट्यावर कमी. तुमच्याकडे उंचवट्यावरच जास्त आहे, म्हणजे मिठाचं पाणी किंवा ॲसिड मारून चार दिवस ठेवलंय. नक्षीच्या खोल रेघांत जो काळा मळ आहे तो बूटपॉलिश असावा, फोटोतही त्याला चकाकी आहे. हाडाच्या चकत्या मात्र खऱ्या हाडाच्या आहेत. भिंगाने बघा, काळे बारीक ठिपके आणि तुटक रेघा दिसतील, ती हाडातली रक्तवाहिन्यांची भोकं. हस्तिदंतात ती नसतात, तिथे आडव्या छेदात एकमेकींना कापणाऱ्या जाळीसारख्या बारीक रेघा दिसतात. विकणाऱ्याने हस्तिदंत म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही आणखी फसला असता, आणि कायद्यातही अडकला असता.

वय? फार तर गेल्या वीसतीस वर्षांतली. मोरोक्कोत झाली का आपल्याकडे कुठे, हे फोटोवरून नाही सांगत, पण तो टिंब मला पूर्वेकडे खुणावतोय.

हिंजवडी_नाइटशिफ्ट
धागा हायजॅक करतोय, माफी. परदेशातल्या एका ऑनलाइन लिलावात एक फ्लिस्सा बघून ठेवलीय, अल्जेरियाची म्हणतात. फोटोवरून काही ओळखता येतं का? पितळेची नक्षी आहे पात्यावर. घ्यावी का? आणि निमचा म्हणजे नक्की काय, आपल्याकडच्या छोट्या तलवारीलाच निमचा म्हणतात ना?

जुनंपुराणं
फ्लिस्सा माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे लांबण लागेल.

अल्जेरियाच्या डोंगराळ कबायली मुलखातली ही तलवार, नाव इफ्लिसेन टोळीवरून पडलं. पातं एका बाजूला धारेचं, पाठ सरळ, मुठीनंतर जरा बारीक, मग पोट सुटल्यासारखं रुंद आणि मग लांबलचक सुईसारखं टोक. आडवी पट्टी नाहीच. मुठीवर पितळेचा पत्रा आणि शेवटी कुठल्यातरी जनावराचं डोकं. खंजिराएवढ्या छोट्यापासून कमरेच्या वर येणाऱ्या लांबड्या तलवारीपर्यंत सगळ्या मापांत होते. म्यान लाकडाच्या दोन कोरीव फळ्यांचं.

बघायचं ते पितळ. खऱ्या फ्लिस्साच्या पात्यात आधी छिन्नीने खाच पाडतात आणि त्यात पितळेची तार किंवा तुकडा ठोकून बसवतात, त्यामुळे कुठे कुठे पितळ निसटून रिकामी खाच उघडी पडलेली असते आणि तिच्या तळाशी छिन्नीचे घाव दिसतात. ही रिकामी खाच मला भरलेल्या खाचेपेक्षा जास्त आवडते. नकलेत पितळेचा रंग नुसता वर असतो, किंवा नक्षी मशीनने इतकी सरळ असते की मापाने आखल्यासारखी. खऱ्या नक्षीत त्रिकोण चुकतात. एका रांगेत सात बसायचे तिथे साडेसहा बसतात आणि कारागीर शेवटचा चेपून बसवतो. ते चेपणं बघितलं की मला तर कारागीरच दिसायला लागतो.

पण एक लक्षात ठेवा, फ्रेंच १८३० ला अल्जियर्सजवळ उतरले आणि १८५७ ला कबायली मुलूख घेतला, तेव्हापासून फ्रेंच शिपाई आठवण म्हणून ह्या तलवारी घरी न्यायला लागले. मग एकोणिसाव्या शतकातच विकण्यासाठी केलेला मालही निघाला. म्हणजे दीडशे वर्षांची टुरिस्ट फ्लिस्सासुद्धा असू शकते. लिलावाच्या फोटोत पाठीची जाडी दाखवणारा, वरून काढलेला फोटो मागा. देत नसतील तर सोडून द्या.

निमचाबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. फारसीत नीम म्हणजे अर्धा, त्यावरून आपल्याकडे छोट्या तलवारीला निमचा. पण संग्राहकांनी तेच नाव मोरोक्को अल्जेरियाच्या तलवारीला चिकटवलंय, जी चांगली पूर्ण लांबीची असते आणि तिथले लोक तिला नुसतं सैफ म्हणजे तलवार म्हणतात. मुठीला बोटं झाकणारा गज आणि पात्याकडे झुकलेले बोटांसारखे दोन तीन दांडे असतात. ह्यात पातं बऱ्याचदा युरोपचं, आणि इथेच नवखे फसतात. त्यांना वाटतं पात्यावर युरोपचा ठसा आहे म्हणजे कुणीतरी जोडून बनवलेली बनावट. अहो, आपल्या फिरंगीचं काय मग? पातं युरोपचं, मूठ आपली, आणि तिलाच आपण मराठ्यांची तलवार म्हणतो ना. मोरोक्कोत तसंच. इटलीतल्या जेनोआचं पातं इतकं आवडायचं की तिथल्या एका सरळ खंजिराचं नावच जेनोआवरून पडलंय.

आणि भवानी तलवारीवर कुणी घसरू नका, मागच्या वेळी धागा लॉक झाला होता.

गुळगुळीत काळसर मूठ दिसली आणि विकणारा गेंड्याचं शिंग म्हणाला तर मात्र हात मागे घ्या. मोरोक्कोच्या चांगल्या मुठी गेंड्याच्या शिंगाच्या असायच्या हे खरंय, पण आज ते विकत घेणं म्हणजे वन्यजीव कायद्याशी खेळ आहे.

पलटण_पेन्शनर
चिन्मय, तुझ्या आजोबांबद्दल लिहितो. मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त. महदीचं बंड १८८१ ला सुरू झालं, १८८५ ला त्यांनी खार्टूम घेतलं, इंग्रज जनरल गॉर्डन मारला गेला, आणि २ सप्टेंबर १८९८ ला ओमदुरमानच्या लढाईत इंग्रज सेनापती किचनरने ते राज्य संपवलं. तुझे आजोबा तेव्हा जन्मले तरी होते का? दुसऱ्या महायुद्धात तिकडे शत्रू इटालियन होता. इटलीने १९४० च्या जुलैमध्ये सुदानचं कसाला घेतलं, १९४१ च्या जानेवारीत आपल्या चौथ्या आणि पाचव्या डिव्हिजनने ते परत घेतलं आणि तिथून एरिट्रियात घुसून केरेनची लढाई झाली, मार्चअखेर केरेन पडलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीने केरेनला रक्त सांडलंय. आजोबा त्यात असतील तर सरदाराला आडवं करायची गोष्ट लागतच नाही, त्या खडकाळ डोंगरावर चढले हेच पुरे. पेन्शनची कागदं, डिस्चार्जचं पुस्तक असेल तर बघ, पलटण कळेल.

जुनंपुराणं
सुभेदारसाहेब, तुम्ही कसाला म्हणालात आणि मी खुर्चीतून उठलो. कसाला म्हणजे कास्कारा घडवायचं मोठं गाव. विसाव्या शतकातही तिथले लोहार ह्या तलवारी करत होते आणि लोक त्या खांद्याला लटकवत होते, भिंतीवर नाही.

चिन्या, तलवारीचा पात्याचा फोटो मुठीपासून वीतभर अंतरावरचा, जवळून, तिरक्या उजेडात टाका. तिथे चंद्रकोरीसारखी खूण आहे का बघा. आणि पात्यात पन्हळ (लांबीच्या दिशेने पाडलेली खोबण) किती आहेत, एक का तीन?

कोथरूडचा_चिन्या
आहे! दोन्ही बाजूंना कोर आहे, आत नाक डोळे असल्यासारखं, पण एका बाजूचा चंद्र जरा तिरका आणि उथळ उमटलाय. पन्हळ तीन, मधली लांब. पातं ८८ सेंटिमीटर. पाठ नाही कारण दुधारी आहे, पण मधे जाडी मुठीजवळ साडेचार आणि टोकाच्या चार बोटं अलीकडे अडीच मिलिमीटर.

जुनंपुराणं
ही जाडीच किती बोलते बघा. ठोकून केलेलं पातं.

आता चंद्राचं. ह्या कोरी मुळात युरोपच्या पात्यांवर यायच्या. जर्मनीतल्या पासाऊ गावच्या पळत्या लांडग्याचा ठसा तिथल्याच झोलिंगन ह्या पात्यांच्या गावच्या लोकांनी ढापला तसंच हेही ठिकठिकाणी ढापलं गेलं, कारण गिऱ्हाइकाला ठसा म्हणजे खात्री वाटायची. झोलिंगनची पाती सुदानात, सहारात भरपूर जायची. मग कसालाच्या लोहारांनी स्वतःच्या पात्यावर तोच चंद्र ठोकायला सुरुवात केली. वाळवंटातल्या तुआरेग लोकांची ताकुबा तलवार बघा, तीन पन्हळ आणि चंद्र, तोच प्रकार. म्हणून चंद्र आहे म्हणजे युरोपचं असं नाही आणि नक्कल आहे म्हणजे खोटं असंही नाही. तिथली शेदीडशे वर्षांची रीतच ती.

तुमचा तिरका उथळ चंद्र स्थानिक वाटतो. पन्हळीच्या कडा बघा, फोटोत मधली पन्हळ शेवटी जराशी डावीकडे कलली आहे, युरोपच्या कारखान्यातली असती तर रेल्वेच्या रुळासारखी गेली असती. तेव्हा माझं मत, कसाला किंवा आसपासचं स्थानिक पातं, विसाव्या शतकाचं पहिलं अर्धं. पोलाद कुठलं हे सांगत नाही, पुढे पुढे तिथले लोहार मोटारींचे कमानपाटेही वापरायला लागले. आणि लगेच तपकीर गल्लीत जाऊन फेरिक क्लोराइड (धातू खाणारं रसायन) आणून पात्यावर ओतू नका, आमच्या एका मित्राने तसं केलं, धातूचे थर छान दिसले आणि चंद्र गेला.

अख्ख्या पात्यावर ॲसिडने अरबी अक्षरं असती तर मी महदीकाळाचा विचार केला असता, आणि जास्त संशयानेही बघितलं असतं, कारण ओमदुरमाननंतर तसल्या वस्तूंना भाव आला. तुमची साधी आहे ही तिची जमेची बाजू. कुणाला फसवायचं असतं तर एवढं साधं कोण करेल? म्यानाच्या आतल्या तोंडाशी कातडं घासून चकचकीत काळं झालंय, म्यानाच्या खांद्याकडच्या कडीजवळचं शिवण एकदा वेगळ्या दोऱ्याने पुन्हा शिवलंय, म्हणजे ती तुटली होती, म्हणजे कुणीतरी ती रोज लटकवत होता.

फक्त ती मूठ. चिंच. जाऊ दे.

वकीलीणबाई
मधेच येते, पण सगळे फोटो टाकण्यात रमलात म्हणून. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या नियमांत तलवारी आणि खंजीर हत्यारांतच धरलेत, घरकामाच्या नसलेल्या नऊ इंचांपेक्षा लांब पात्याच्या सुऱ्यासुद्धा. तलवार हातात घेऊन रिक्षात बसणं, सोसायटीच्या गणपतीत मिरवणं, रील बनवणं, सगळं टाळा, गुन्हा दाखल होतो तेव्हा "आजोबांची आहे" हे कुणी ऐकून घेत नाही. घरात ठेवायची तर परवान्याचं काय ते आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. आणि वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी ठरली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ती देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या भावाला गिफ्ट वगैरे विचार असेल तर विसरा.

खडूस_सदाशिव
शंभर वर्षांपेक्षा जुनी नसली तर आपलं नशीब, असली तर कायदा. ह्या वस्तूत सुख नाही.

कोथरूडचा_चिन्या
अपडेट. काल बुधवारी परत जुन्या बाजारात गेलो. त्या काकांना भिंग देऊन पाकळ्या दाखवल्या. त्यांनी शांतपणे बघितलं, म्हणाले कारागीर मन लावून काम करणारा होता, सगळ्या सारख्या केल्यात. पैसे परत नाहीत, बदलून देतो म्हणाले, आणि खालून एक काढली, तुर्कस्तानची, सन ११२०. मी हात जोडून निघालो. मिक्सरचं भांडं मात्र मिळालं, दीडशेत.

आता आजोबांचं. आत्याला फोन केला, ती ८१ वर्षांची आहे आणि घरात सगळ्यात जास्त तिलाच आठवतं. ती म्हणाली अरे कुठला सरदार, त्यांनी ती कसालाच्या बाजारात पगाराच्या पैशांतून विकत घेतली, आईने त्यावरून वर्षभर अबोला धरला होता की मनीऑर्डर कमी का आली. मग गावात पोरं विचारायची काका ही कशी मिळाली, तेव्हा एकदा ते गमतीत काहीतरी बोलले आणि तेच राहिलं. कागदंही तिच्याकडेच आहेत, ट्रंकेत, पुढच्या रविवारी साताऱ्याला जाऊन बघतो. सुभेदारसाहेब, पलटण कळली की इथे टाकतो. पोलीस ठाण्यातही परवा जाऊन विचारून येतो, तलवार घरी ठेवूनच.

बायकोला हे सांगितलं तेव्हा ती महिन्याभराने हसली. म्हणाली घराण्यातच आहे तर.

एक शेवटचं, म्यानाचं कातडं बोट लावलं की पापुद्र्यासारखं सुटतंय. आई खोबरेल लावते म्हणतेय. लावू का?

जुनंपुराणं
नाही!! खोबरेल, एरंडेल, बूटपॉलिश काही नाही. कातडं तेल पितं, मऊ होऊन शिवणीतून सुटतं आणि वर बुरशी. पातं म्यानात ठेवू नका, जुन्या चामड्यातला ओलावा पात्याला गंज चढवतो. दोन्ही वेगवेगळं, धुतलेल्या सुती कापडात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आडवं, पावसाळ्यात माळ्यावर नाही तर कपाटात. पात्याला मशीनच्या तेलाचं बोट फिरवा, चंद्राच्या खोबणीत साचू देऊ नका. आणि आईंच्या हाताला लागेल अशा जागी ठेवू नका.